भिंतीवरची पांढरी मेणबत्ती

आता माझ्या अकलेचं काय सांगू तुम्हाला! चहा संपवून घ्या आधी, ऐकल्यावर घशाखाली उतरणार नाही.

निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, एका मारवाडी शेटजींच्या आडतीवर मी मुनीम होतो. तिथे मुंबईचा एक दलाल यायचा, जपानला कापूस पाठवणाऱ्या पेढीत राहून आलेला. त्यानं मला भाव वाचायची जपानी विद्या शिकवली. भिंतीवर रोज एक मेणबत्ती काढायची! सकाळच्या भावापासून संध्याकाळच्या भावापर्यंत तिची उंची. भाव चढला तर पांढरी, पडला तर काळी. आणि काळ्यांच्या रांगेनंतर शेवटच्या काळीला झाकेल एवढी मोठी पांढरी आली, की समजायचं बाजार फिरला!

झालं! आडतीच्या मातीच्या भिंतीवर माझा चुना आणि कोळसा सुरू. एक-दोन अंदाज जमले, मग काय विचारता! मी मोंढ्यात छाती काढून फिरायला लागलो.

त्या साली कापूस सारखा पडत होता. भिंत काळीकुट्ट. मला मंठ्याला लग्नाला जायचं होतं, म्हणून शेटजींना म्हणालो, "आजची मेणबत्ती तेवढी तुम्ही काढा."

"बराबर. काढतो."

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर काय, ही मोठी पांढरी! अंगावर काटाच आला. शेटजी पहाटेच शहागडला गेलेले. बाहेर माझ्या सासऱ्यांच्या कापसाच्या गाड्या उभ्या, अंबडहून आलेल्या. त्या कापसावर धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलेलं.

मी ओरडलो, "मामा, विकू नका!"

"आवो जावईबापू, भाव रोज पडून राह्यला."

"फिरला आता! भिंत पाहा!"

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर बिलकुल न्हाई इकत."

गाड्या परत गेल्या. त्यांचं बघून आणखी चौघांनी बैल वळवले. अहो, शेजारच्या दुकानात कालचा भाव विचारायचा ना? पण भिंतीला विचारणारा गडी माणसांना कशाला विचारतोय!

पुढं रोज मी काळीच काढत होतो, तरी त्या पांढरीवरून माझी नजर हटेना. आठवड्यानं शेटजी परतले.

"शेटजी, काय मेणबत्ती काढली तुम्ही!"

"कोणती? मी तर विसरूनच गेल्तो." त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. "अरे, ही व्हय? पान खाल्लं, मंग बोटाचा चुना पुसला. भाव तर त्या दिवशीबी पडला."

ही चुन्याची गोष्ट पार अंबडपर्यंत पोचली. लग्न पुढच्या सालावर गेलं. बायको बोलेना, मेहुणी समोर येईना. जीव नकोसा झाला हो!

शेवटी सासऱ्यांनी आमच्याच आडतीवर पडेल भावात कापूस विकला. मी मान खाली घालून त्यांच्यापुढं पानाचा डबा सरकवला. त्यांनी पान लावलं, चुन्याचं बोट भिंतीकडं नेलं, अन् थबकून धोतराला पुसलं.

"भिंतीला न्हाई लावत, जावईबापू. न्हाईतर तुम्ही पुढच्या सालीबी थांबा म्हणाल."