तंगडीवालं इंजिन

लाँच सेक्शनमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. आमचं काम होतं धरणाच्या पाण्यावर लाँच चालू ठेवण्याचं, आणि लाँचचं काम होतं बंद पडण्याचं. ती बंद पडली की चहा व्हायचा, चहा आला की गप्पा व्हायच्या. आता तुम्हीच सांगा, सहा वर्षांत किती किस्से साठले असतील!

मी सांगलीकडचा. माधवनगरच्या गिरणीत फिटर होतो, तिथून कोयनानगरला आलो. यंत्र बिघडलं की कापड थांबतं, एवढंच तोवर मला माहीत. बोट बिघडली की माणूसच पाण्याच्या मधोमध थांबतो, हे इथं आल्यावर कळलं.

आमच्या शेडचे खरे मालक दोघं. एक हेड मिस्त्री इस्माईलचाचा, मिरजेचे. दुसरे लाँचचे ड्रायव्हर सर्जेराव, मेढ्याच्या बाजूचे, पलटणीत बोटी चालवून पेन्शनवर आलेले. दोघांच्या वर एक साहेब होते, पुण्याचे, हुशार आणि मनानं चांगले. पण ते आपले सहीपुरते मालक.

*

पाण्यापलीकडच्या गावांना रस्ता नव्हता आणि दवाखाना अलीकडे, धरणाजवळ. आजारी माणसाला आणायचं तर आमची जुनी डिझेल लाँच. तिला चार तास लागायचे, तेही मधे बंद पडली नाही तर!

एका पावसाळ्यात दोन बाळंतपणं लाँचवरच झाली. दोन्ही वेळा बायकांनी सर्जेरावांना तोंड फिरवून उभं केलं आणि बाळ गुंडाळायला त्यांच्या डोक्याचा फेटा सोडून घेतला. दुसऱ्या खेपेला सर्जेराव बोडक्यानंच साहेबांच्या ऑफिसात गेले आणि खाडकन सॅल्यूट ठोकला.

"साहेब, माझं लायसन ड्रायव्हरचं हाय, सुइणीचं न्हाई!"

साहेब हसले. पण त्याच दिवशी त्यांनी वेगवान बोटीची मागणी वर पाठवली, हे सांगायला हवं.

*

मागणी मंजूर झाली आणि मुंबईच्या दोन एजंटांनी आपापली बोट इंजिनासकट महिनाभर ट्रायलला आणून ठेवली. एक लाल, एक पांढरी. लालचं इंजिन दांडगं, आठ सिलिंडरचं. पांढरीचं त्याच्या निम्मं.

दोन्हींची तऱ्हा मात्र आम्हाला नवी होती. इंजिन बोटीच्या आत आणि पंखा बाहेर, बोटीच्या पाठीतून निघालेल्या एका लोखंडी पायाच्या टोकाला. साहेब त्याला 'स्टर्नड्राइव्ह' म्हणायचे. सर्जेरावांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, 'तंगडीवालं इंजिन'. पुढे साहेबसुद्धा फोनवर तंगडीच म्हणायला लागले.

त्यातलं एक इंजिन महिन्याअखेर निवडायचं होतं. साहेबांना ते एक ऑफिसचं काम होतं, पण सर्जेरावांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि माहेर होतं पाण्यापलीकडे. मूळ गाव धरणात गेलं, घरं डोंगराच्या सोंडेवर सरकली, रस्ता कुणी केलाच नाही. लेकीला आठवा लागला होता. साहेब इंजिन निवडत होते आणि सर्जेराव लेकीसाठी गाडी निवडत होते.

*

पहिल्या दिवशी लाल इंजिन शेडमध्येच चालू करून बघायचं ठरलं. तंगडी पाण्याच्या पिंपात बुडवली, चाचांनी बटण दाबलं. अरे बाप रे! पत्रे थरथरले, पान्हे टेबलावरून नाचत खाली आले. चाचांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

आता आमची कॉलनी म्हणजे भूकंप पाहिलेली माणसं. फळीवरचं भांडं वाजलं की आधी घराबाहेर पडायचं आणि मग विचार करायचा, ही इथली रीत. पाच मिनिटांत सगळ्या बायका लेकरं काखेत घेऊन अंगणात! एकीच्या हातात तर लाटणं तसंच. शाळेच्या हेडमास्तरांनी घंटा दिली आणि शाळा सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात चौथीचा अख्खा वर्ग उभा.

"चाचा, आज लाल इंजिन किती वाजता लावणार?"

*

साहेबांकडे जलाशयाचा मोठा छापील नकाशा होता. लाल बोटीच्या पहिल्या फेरीला तो मांडीवर पसरून ते पुढे बसले. मी मागे पेट्रोलचा कॅन धरून.

"आवं साहेब, हितनं डावीकडं घेतो," सर्जेराव म्हणाले. "खाली आमच्या मामाचा आंबा हाय."

साहेबांनी नकाशा बघितला. "इथं काही नाही. सरळ चला."

"मोठा हाय साहेब. दोन माणसांच्या कवेत मावायचा न्हाई."

"सर्जेराव, सरळ!"

पलटणीतला माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी सरळ घेतली. धाड! साहेब नकाशासकट माझ्या पायांशी. तंगडी मात्र झोका खाऊन वर उचलली गेली आणि पुन्हा पाण्यात बसली, पंख्याला ओरखडासुद्धा नाही. जुन्या लाँचचा सरळ दांडा असता तर तुकडेच झाले असते. तंगडीवालं इंजिन का घ्यायचं, ते आम्हा तिघांना त्या क्षणी पटलं.

साहेब उठून चष्मा पुसत म्हणाले, "पण नकाशावर काहीच नाही हो!"

"नकाशा पाणी भरल्यावर काढलाय साहेब. आंबा त्याच्या आदीचा!"

बोलताना सर्जेराव हसले, पण परत येईपर्यंत ते पाण्याकडेच बघत होते. मला फार वाईट वाटलं. साहेबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी संध्याकाळी लाल पेन्सिलीनं नकाशावर नीट अक्षरात लिहिलं, 'मामाचा आंबा'.

*

लाल बोट पळायची मात्र झकास. एकदा पलीकडच्या एका आजोबांना हुडहुडी भरून ताप आला. त्यांना घोंगडीत गुंडाळून लाल बोटीत घातलं. बोटीचं नाक आभाळाकडे, आजोबांचे दोन्ही हात कठड्याला आणि तोंडात देवाचं नाव. अर्ध्या वाटेत घोंगडी उडून पाण्यात गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी थर्मामीटर लावलं. ताप नाही! पुन्हा लावलं, तरी नाही. साहेबांनी ते बोटीच्या फायद्यांच्या यादीत लिहून टाकलं.

आजोबांना परत सोडायला सर्जेरावांनी बोट काढली, तर म्हातारा काठी टेकत डोंगराच्या वाटेला लागलेला.

"आवं आजा, बसा की! तासाभरात घरी!"

"तू जा पुढं," आजोबा म्हणाले. "मी दोन दिसात येतो."

*

पांढरीची फजिती मात्र मी केली. खंडेनवमीला आम्ही शेडमधली सगळी हत्यारं धुऊन पुजायचो. त्या वर्षी दोन्ही बोटींना हळदकुंकू लावलं आणि पांढरीच्या पंख्याला मी झेंडूची माळ बांधली. चांगली तीन गाठी मारून. गिरणीतली सवय, सुटता कामा नये!

आरती झाली, पेढे वाटले. साहेब खुशीत आले आणि बायकापोरांना चक्कर मारून आणा म्हणाले. पांढरी वीस हात गेली आणि गप्प झाली. माळ काढायची कुणाच्या ध्यानातच नाही! सुतळी पंख्यामागच्या दांड्यात आवळून बसलेली.

मी मान खाली घालून उभा. साहेबांना कारण कळेना, त्यांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. तिकडून एजंट म्हणाला, "अशा वेळी मासेमारीची दोरी सापडते, बघा."

चाचांनी पंखा उतरवला, सुतळी उकलली. हातात पिवळा लगदा घेऊन फोनपाशी आले.

"साहेब, त्येंला सांगा, मासे न्हाईत. परसाद हाय!"

पंखा चढवला, पांढरी एका बटणात सुरू. चाचांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

चाचांचे वडील बैलांच्या खुरांना पत्री मारायचे. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात चाचा त्यांच्याबरोबर वाढले. त्यामुळे इंजिन बघायची त्यांची पद्धत बैल बघायची. आधी भोवती एक फेरी, मग पाठीवर हात, मग कान देऊन श्वास ऐकायचा. हॉर्सपॉवरचा आकडा साहेब वाचून दाखवायचे, तो ते ऐकून घ्यायचे, एवढंच.

त्यांची एकच परीक्षा होती. इंजिन तासभर पळवायचं, तापलं की बंद करायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा बटण दाबायचं.

पांढरी लगेच सुरू झाली. लाल नुसती खोकली.

साहेबांनी पुस्तक उघडलं. "बरोबर आहे, यात लिहिलंय. तापल्यावर पेट्रोलची वाफ धरते. वीस-पंचवीस मिनिटं थांबावं. किरकोळ आहे."

"ताजा बैल कुणीबी पळवतंय साहेब," चाचा म्हणाले. "दमून बसलेला उठतोय का बघायचं."

"पण चाचा, वीसच मिनिटं!"

सर्जेराव कोपऱ्यातून म्हणाले, "साहेब, तेवढ्यात फेटा सोडावा लागतोय."

साहेबांनी पुस्तक मिटलं. पण वरच्या साहेबांनी लालमधून एक चक्कर मारली होती आणि त्यांना ती फारच पसंत पडली होती. सगळ्या शेडला दिसत होतं, लालच येणार.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. पांढरीच्या एजंटानं नुसतं पत्र पाठवलं. लालचा एजंट स्वतः आला. सूट, टाय, चामड्याची बॅग, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं घर विकून बोट घ्यावी!

शेवटची ट्रायल सर्जेरावांच्या गावापर्यंत ठरली. लालमध्ये साहेब आणि एजंट, चालवायला सर्जेराव. पांढरीत चाचा आणि मी. आम्ही आधी निघालो, तरी लाल आमच्या आधी पाच मिनिटं पोचली. आम्ही चढण चढून गेलो तेव्हा सगळे सर्जेरावांच्या ओसरीवर बसले होते आणि एजंट सांगत होता, "साहेब, रिलायबल म्हणजे काय, डोळे मिटून बसावं! माझ्या घरचं माणूस आजारी असेल तर मी याच बोटीत घालीन."

सर्जेरावांची लेक चहा घेऊन आली. नववा लागलेला, कमरेवर एक हात ठेवून हळूहळू चालत होती. सर्जेरावांनी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला. ते आपल्या लेकीकडे बघत नव्हते. साहेबांच्या पुढ्यातल्या कागदाकडे बघत होते.

कागद टाइप केलेला होता, बोटीच्या नावाची जागा तेवढी कोरी. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. चाचांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि अगदी सहज म्हणाले,

"सही सावकाश करा साहेब. पर पाव्हण्यांस्नी मुंबईला जायाचं हाय न्हवं? धरणावरनं साताऱ्याची शेवटची एसटी पावणेसहाला सुटती."

एजंटानं घड्याळ बघितलं आणि ताडकन उठला. बॅग उचलली, "चला, चला" करत उतारावरून जवळजवळ पळतच काठावर गेला. आम्ही ओसरीवरून बघतोय. लाल बोट अलीकडे उभी होती. तो तिला वळसा घालून पुढे गेला, बूट हातात घेतले, गुडघाभर पाण्यात उतरला आणि पांढरीत जाऊन बसला.

साहेब ओसरीवरून ओरडले, "अहो, तुमची बोट ती लाल!"

"माहीत आहे हो साहेब!" एजंट खालून ओरडला. "पण मला एसटी गाठायचीय!"