खुशाली विचारणारी आत्या

नाब्बोसाला झटका आला तो मुकोनोच्या बाजारात, केळ्यांचे घड उतरवताना. उजवा हात लुळा पडला, पाय फरफटू लागला आणि शब्द गेले. डोकं जागेवर राहिलं. पण एवढं एकच कुणाला पटेना.

कारण खुशाली. आपल्याकडे भेटल्याबरोबर कामाचं कुणी बोलत नाही. रात्र कशी गेली, बरी गेली, तुमची? घरचे? आहेत. मग दोघांनी आळीपाळीनं हुंकार द्यायचे. पन्नास वर्षं रोज वीसवीसदा म्हटलेलं हे सगळं नाब्बोसाच्या तोंडून झटक्यानंतरही घडाघडा येई. पुढे साधं पाणी मागायचं झालं की ओठ नुसते हलत आणि "ते... ते..." एवढंच बाहेर पडे.

भावजय नाकिगोझी आल्यागेल्याला सांगे, "खुशाली विचारायला जीभ आहे. शेंगा सोला म्हटलं की वन्सं मुक्या."

विद्यापीठातून दोन संशोधक आले. त्यांनी चित्रं दाखवून नावं विचारली, तीही इंग्रजीत. एका चित्रात बर्फावरून घसरणारी गाडी. नाब्बोसानं बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीत. त्यांनी आवाज टेप केला, अंगठा घेतला आणि 'आकलन फार कमी' असं लिहून ठेवलं. भाची नानक्या, नाकिगोझीची मुलगी, म्हणाली, "उपचाराचं काय?"

"तो आमच्या अभ्यासाचा भाग नाही," असं उत्तर आलं. अभ्यास कुणाच्या जिवावर चालला होता, हे त्यांना विचारायला हवं होतं. ते पुन्हा फिरकले नाहीत.

म्हणजे घरात ती ढोंगी आणि कागदावर बुद्धू. एकाच बाईनं दोन्ही कसं असावं?

तशात नानक्याचं ठरलं. मुलाकडचे मुलीच्या अंगणात येऊन बसतात, त्या दिवशी पाहुण्यांतून नवरा मुलगा हुडकून काढायचा मान आत्याचा. नानक्याला आठव्या वर्षापासून नाब्बोसानंच वाढवलेलं. तिनं वर्षभर आधी या दिवसासाठी जांभळी बुसूटी, समारंभाचा पायघोळ झगा, शिवून ठेवली होती.

"चुलत आत्याला बोलवू," नाकिगोझी म्हणाली. "चारचौघांत शोभा नको."

नाब्बोसा ओट्यावरच बसली होती. ऐकत होती. बहिऱ्यासमोर बोलावं तसं सगळे तिच्यादेखत बोलत. तिनं डाव्या हातानं बुसूटीची घडी मांडीवर ओढली आणि सोडली नाही.

"आत्या नसेल तर मीही घराबाहेर येणार नाही," नानक्या म्हणाली. "पाहुण्यांना केळी खायला घाल आणि परत पाठव, आई."

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून तिनं आत्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं वाचा-उपचाराची बाई एकच, आणि पुढची तारीख पाच महिन्यांनी. पण ती बाई भली. तिनं अर्धा तास दिला. म्हणाली, "यांना सगळं समजतं. खुशाली पाठ झालीय, म्हणून आपोआप येते. नवा शब्द शोधून काढावा लागतो, तिथं वाट बुजलीय." तिनं एक छापील कार्डही दिलं. इंग्रजीत. नानक्यानं त्याच्या पाठीवर आपल्या भाषेत लिहिलं, 'मला समजतं. बोलायला वेळ लागतो. थांबा.'

तो दिवस आला. नाब्बोसा जांभळ्या बुसूटीत गुडघ्यांवर बसली आणि पाहुण्यांची खुशाली अशी खणखणीत विचारली की म्हातारे सावरून बसले. मग मुलीकडचा बोलका, ज्याला थट्टेचेच पैसे मिळतात, म्हणाला, "आत्याबाई, यांत तुमचा कोण? नाव सांगा."

नाव आलं नाही. "ते... ते..." नाकिगोझीनं मान खाली घातली.

नाब्बोसा उठली. पाय ओढत रांगेपुढून गेली आणि नवऱ्या मुलाच्या, कावूमाच्या, पांढऱ्या पायघोळ कांझूची बाही डाव्या हातानं धरली. एरवी डावा हात पुढे करणं म्हणजे अपमान. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही.

"धरूनच आणलाय," बोलका म्हणाला, "आता नाव काय चाटायचंय?"

हशा पिकला. नानक्या बाहेर आली आणि सगळं रीतसर पार पडलं.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. जेवणाच्या पानांवर नाकिगोझी शेजारणींना म्हणाली, "पाहिलंत? कशी खणखणीत बोलली. तीन महिने मला राबवलंन नुसतं."

म्हणजे बोलली नाही तर वेडी, आणि बोलली तर लबाड.

नाब्बोसानं कमरेच्या पट्ट्यातून कार्ड काढलं आणि भावजयीच्या पानाशेजारी ठेवलं, नानक्याचं अक्षर वर करून. नाकिगोझीनं पुटपुटत वाचलं. नाब्बोसानं त्यावर बोट आपटलं. पुन्हा. नाकिगोझीनं जरा मोठ्यानं वाचलं. बोट पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा वाचताना पाहुण्यांची पंगतसुद्धा ऐकत होती.

"थांबा," शेवटचा शब्द नाकिगोझीनं वाचला, आणि तिच्या पानातलं गार होईपर्यंत बोट कार्डावरून हललं नाही.