कढीपत्त्यावरची पिशवी

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये एक काकू बसलेल्या दिसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. अंगावर जांभळी शाल, शेजारी कढीपत्त्याची कुंडी आणि झाडावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. त्या पिशवीला हलकेच टिचक्या मारून आतले थेंब मातीत पाडायच्या.

“घरात हीटरनं पानं वाळतात,” त्या एकदा म्हणाल्या. “इथं जरा ओल असते. पानांनी सोडलेली वाफ पिशवीत अडते, पाणी होऊन त्यांनाच परत मिळते.” मग पिशवीकडे बघत म्हणाल्या, “माझंही तसंच. दिवसभर बोलते ते मलाच ऐकू येतं.”

मी कपडे घेऊन वर गेलो.

पुढे त्या दिसेनाशा झाल्या. कुंडी तिथंच राहिली. पिशवी कोरडी पडली, आत पानांचा चुरा साचला.

एका शनिवारी एक तरुण ड्रायरमधून कपडे काढत होता. त्यात ती जांभळी शाल होती.

“काकू कशा आहेत?” मी विचारलं.

“आई? इंडियाला गेली परत. इथे बोअर व्हायची यार.”

त्यानं शाल बास्केटमध्ये कोंबली आणि कुंडीकडे बघून म्हणाला, “हे झाड कुणाचं आहे, काही आयडिया?”