तंबाखूच्या खोलीतली हवा

आमच्या आप्पांनी आयुष्यभर तंबाखू पिकवला आणि विकला, त्यामुळे माल दाखवायची कला त्यांच्या अंगात मुरलेली आहे. व्यापारी येणार म्हटलं की थप्पीच्या वरच्या थराला लांबरुंद, बिनडागाची पानं लागत. व्यापारीही कच्चे नसत. ते सरळ थप्पीच्या मधोमध हात घालून पान ओढून काढत. हे लहानपणापासून बघूनही मी फसले. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला तिच्या बापानं गुंडाळलं, याचं मला अजून हसू येतं.

आमचं घर निपाणीजवळ, बोरगावच्या बाजूला. आप्पा तिथं एकटेच राहतात आणि झोपतात तंबाखूच्या खोलीत. वारं लागलं की पान वाळून चुरतं, म्हणून त्या खोलीच्या दोन्ही खिडक्या कायमच्या बंद, वर फटींत गोणपाट कोंबलेलं. आता शेतात ऊस आहे आणि खोलीत औषधाला तंबाखू नाही, तरी खिडक्या बंदच. आत आप्पा, त्यांची खाट आणि त्यांची विडी.

गेल्या वर्षी आमच्या बेळगावच्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या घरांतला रेडॉन मोजायला घेतला. दगडामातीत सगळीकडेच किंचित युरेनियम असतं, त्यातून पुढे हा किरणोत्सारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो, पण कोंदट खोलीत फरशीच्या फटींतून वर येऊन साचतो. असल्या हवेत वर्षानुवर्षं राहिलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि विडी ओढणाऱ्याला तर कितीतरी जास्त. हे वर्गात शिकवताना मला ती खोली आठवायची.

म्हणून मी एक डबी मागून घेतली. आत फिल्मचा तुकडा असतो, त्यावर किरणांच्या खुणा उमटतात आणि काही महिन्यांनी त्या मोजतात. डबी लावायला मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, दोघं गेलो. आकडा जास्त आला तर आप्पांना बेळगावच्या फ्लॅटवर न्यायचं, असं अण्णा त्यांच्या समोरच बोलला. घोटाळा तिथंच झाला. फ्लॅटमध्ये आप्पा दोन दिवसांत कोमेजतात, हे आम्हालाही ठाऊक होतं. मी तुळईला डबी टांगली आणि रोज जसं राहता तसंच राहा, काही बदलू नका, असं बजावलं. आप्पांनी गरीब चेहऱ्यानं मान डोलावली.

पावसाळा संपता संपता एक सहकारी डब्या गोळा करून आला. आमचा आकडा चांगलाच कमी निघाला. आप्पांना बेळगावला न्यायचा बेत फसला म्हणून अण्णाचा चेहरा पडला. मला आनंद झाला, पण विश्वास काही बसेना. रविवारी मी घरी गेले तर तुळईवर, डबी होती तिथंच शेजारी, चिमणीचं घरटं. आत पिल्लांचा कलकलाट चाललेला. बंद खोलीत चिमणी कुठून आली, असं मी आप्पांना विचारलं.

“खिडकीतनं,” आप्पा म्हणाले. मग नजर चुकवत म्हणाले, “तुमी गेला की दोनी उघडून टाकल्या. नमुना दाखवायचा तर चांगलाच दाखवाय पायजे की. मला न्हाय जायाचं गं बेळगावला.”

रागवायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. आकडा जास्त आला असता तर मी पहिला उपाय हाच सांगणार होते, खिडक्या उघडा. लबाडी करायला गेलेल्या माणसानं नकळत औषध घेतलं होतं. हे समजावल्यावर आप्पांनी आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं, मग मिशीतल्या मिशीत हसले. आता इथंच राहायचं असेल तर ही लबाडी जन्मभर चालू ठेवायची आणि विडी सोडायची, असं मी ठणकावलं. खिडक्यांचं त्यांनी लगेच कबूल केलं. विडीवर मात्र तासभर घासाघीस झाली. शेवटी आधी खोलीबाहेर आणि दिवाळीपासून बंद, असा सौदा ठरला.

विडी सुटली असं शेजारीही सांगतात. पण थंडी पडली तशी मला खिडक्यांची धाकधूक लागली. एका सकाळी व्हिडिओ कॉल केला. न विचारताच आप्पांनी फोन खिडकीकडे वळवला. खिडकी सताड उघडी, पलीकडे उसाचे तुरे. शाबास म्हणणार, एवढ्यात मला थप्पी आठवली.

“आप्पा, दुसरी दाखवा.”

पडद्यावर अंधार झाला. कडी सरकल्याचा आवाज आला, बिजागरी कुरकुरली आणि उजेड पडला.

“ही काय, उघडीच हाय की,” आप्पा म्हणाले आणि गार वाऱ्यानं सणसणीत शिंकले.

शाल पांघरा, एवढंच मी सांगितलं. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या आणि आप्पा आपल्या घरात होते.