पौर्णिमेची वेणी

सगुणा फुलवाली आमच्या आळीत सकाळी साडेसहाला यायची. मी रोजनिशी लिहिते आणि वेळेसकट लिहिते, म्हणून हे खात्रीने सांगता येतं. सात वर्षांत ती चौदा दिवस चुकली. दहा दिवस सासऱ्याच्या सुतकाचे आणि चार तापाचे.

उंच, सडपातळ बाई. डोक्यावर बांबूची हारी, हारीवर ओलं फडकं, फडक्याखाली केळीच्या पानात बांधलेल्या पुड्या. नाचणे गावाच्या वाटेवर तिची लहानशी बाग होती. बाग म्हणजे मुळात उघडा कातळ. ती आणि तिचा नवरा भिकाजी यांनी टोपल्यांनी माती वाहून त्यावर पसरली होती आणि जांभ्याचे चिरे लावून अडवली होती. दर पावसाळ्यात त्यातली बरीच वाहून जाई, आणि आश्विनात दोघं ती पुन्हा भरून काढीत. अबोली, शेवंती, जाई, मोगरा, तगर एवढं तिथं होई. कुठलं फूल कुठल्या घरी द्यायचं हे सगळं तिच्या डोक्यात असे. तिला अक्षर येत नव्हतं.

म्हणून तिची कार्डं मी वाचायची. फुलवालीला कार्डं कसली, असं वाटेल. पण आळीतल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. गणपतीला आले की परत जाताना सगुणाला सांगून जात, आईच्या देवाला रोज तगर दे, बहिणीला नागपंचमीला गजरा दे. पुढे आठवण झाली की कार्ड टाकीत. सगुणा ते घेऊन माझ्या मागच्या पडवीत येऊन बसे. मी मुंबईत ननांच्या शाळेत लग्न होईपर्यंत शिकले होते. तिथं शनिवारी प्रार्थनेच्या जागेतल्या फुलदाण्या आम्हा मुलींना भराव्या लागत. ते मी सगुणाला शिकवलं. दांडा तिरका कापायचा, मागे नेचे, मध्ये उंच फुलं, पुढे लहान. ती हसली होती. "देवाला नाय, डोक्यात नाय, मग उभी कोणासाठी करायची?" म्हणाली. पण शिकली, आणि दर सोमवारी कलेक्टरसाहेबांच्या बंगल्यावर तिच्या भरलेल्या फुलदाण्या जाऊ लागल्या.

सगळ्यात नेमाची कार्डं हरिश्चंद्राची. समोरच्या घरातल्या यमुनाबाईंचा हा धाकटा मुलगा मुंबईला गोदीत कारकून होता. त्याची बायको कमळा लहानग्या मैनेला घेऊन सासूजवळ राहायची. दर शुक्रवारी कमळेला वेणी, असं त्यानं सगुणाकडे ठरवून टाकलं होतं, आणि कधी कुठलं फूल हे तो कार्डानं कळवी. बायकोला वेगळं पत्र तो लिहीत नसे. घरात सासू असताना तशी रीत नव्हती. जे काय असे ते वेणीतून येई. आळीतल्या बायका कमळेला विहिरीवर विचारीत, "काय गो, टपाल आलं का डोक्यात?" आणि ती पदर पुढे ओढी.

सोमवार, १५ नोव्हेंबर १९२६ रोजी त्याचं कार्ड आलं. शुक्रवारी त्रिपुरी पौर्णिमा आहे, वेणी मोठी दे, शेवंतीची, मध्ये अबोली घाल, एवढंच. सगुणानं मला ते दोनदा वाचायला लावलं.

गुरुवारी संध्याकाळी यांच्या नावानं तार आली. हे वकील, आळीतले जाणते, म्हणून यांच्या नावानं. ती हरिश्चंद्राच्या थोरल्या भावाची, काशीरामची होती. गोदीत कापसाच्या गासड्या कोसळून हरिश्चंद्र बुधवारी गेला होता. काशीराम शनिवारच्या बोटीनं येणार होता, आणि तोवर घरी काही कळू देऊ नये अशी त्यानं विनंती केली होती. घरात म्हातारी आई, तरुण बायको, दुसरा पुरुष नाही. यांनी तार कपाटात ठेवली आणि मला बजावलं की मी हे भिंतीपाशीसुद्धा बोलायचं नाही.

शुक्रवारी सगुणा आली. तिनं फडकं बाजूला करून मला कमळेची वेणी दाखवली. हातभर लांब, पिवळी शेवंती दाट बसवलेली, मधून अबोलीची रेघ. मी म्हटलं, आज ही वेणी देऊ नकोस.

"कशाला?"

"उगीच. मी सांगते म्हणून."

"वहिनी, कार्ड तुम्हीच वाचलात. मोठी दे म्हणून लिहिलंन त्यानं. आणि सणाच्या दिवशी सवाशिणीची फुलं अडवायची? ते पाप कोणाच्या माथी?"

तिला आत बोलावून चार शब्दांत सांगता आलं असतं. तिच्या पोटात ते राहिलंही असतं. आळीतल्या घराघरांतलं तिला किती ठाऊक होतं, आणि एकही गोष्ट तिनं कधी इकडची तिकडे केली नव्हती. पण मला यांची भीती वाटली. मी म्हटलं, बरं, दे तर. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग हारी उचलून गेली.

मी खिडकीतून बघत होते. समोरच्या पायरीवर सगुणा वेणी हातात घेऊन थांबली, पण हात पुढे करीना. तिनं काही विचारलं. काय विचारलं ते पुढे सगळ्या आळीला कळलं. मुंबईहून काही कळलं का, तो बरा आहे ना, असं तिनं विचारलं होतं. कमळा हसून म्हणाली, कार्ड तुला येतं, मला कुठे? आणि तिनं वेणी घेतली.

संध्याकाळी आम्ही सगळ्या देवळात दीपमाळेवर दिवे लावायला गेलो. कमळा माझ्या शेजारी होती. वाती लावून झाल्यावर ती पाठमोरी झाली आणि म्हणाली, "काकी, नीट बसलीय ना हो?" मी तिच्या केसांत निसटलेली शेवंती पुन्हा खोवली. या हातानं खोवली. त्या दिवशीच्या रोजनिशीत 'पौर्णिमा. देवळात गर्दी. वारा नव्हता, दिवे टिकले' एवढंच आहे.

शनिवारी काशीराम आला. आधी तार केली होती हे त्यानंही घरात कोणाला सांगितलं नाही. मी समोर गेले तेव्हा यमुनाबाई जमिनीवर पडल्या होत्या आणि कमळेच्या डोक्यातली वेणी कोणीतरी ओढून अंगणात टाकली होती. पाणी शिंपडून रात्रभर पानात ठेवलेली, म्हणून ती अजून ताजी होती.

सुतक फिटेपर्यंत बायकांनी दिवस मोजले. तो गेला बुधवारी, हिनं वेणी घातली शुक्रवारी, तीही त्रिपुरी पौर्णिमेला, देवासमोर. कोणाच्या तरी माथी हे यायलाच हवं होतं. मग कमळेनंच रडता रडता सांगितलं की सगुणानं पायरीवर त्याची चौकशी केली होती. एरवी ती असं कधी विचारीत नसे. म्हणजे तिला ठाऊक होतं, असं सगळ्यांचं झालं. ठाऊक असून, एका वेणीच्या पैशांपायी, विधवेच्या डोक्यात फुलं घातलीन. सगुणाला बोलावून विचारलं तेव्हा तिनं खरं तेच सांगितलं, की वकिलीणबाईंनी देऊ नको म्हटलं, म्हणून मनात आलं, म्हणून विचारलं.

२ डिसेंबरला सकाळी यमुनाबाई आल्या. वर चढल्या नाहीत, पायरीवरच उभ्या राहिल्या.

"ती म्हणते, वेणी देऊ नको असं तुम्ही तिला सांगितलंत. खरं का?"

हे आत कागद बघत बसले होते. हो म्हटलं असतं तर यमुनाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता, की तुम्हाला कसं ठाऊक. मग गुरुवारची तार निघाली असती, आणि ती ठाऊक असून मी देवळात कमळेच्या केसांत फूल खोवलं हेही निघालं असतं.

"नाही हो," मी म्हटलं. "मी कशाला सांगू?"

"तेच म्हटलं," असं म्हणून त्या गेल्या.

रोजनिशीत त्या तारखेला 'यमुनाबाई येऊन गेल्या' अशी ओळ आहे. खाली अर्धं पान कोरं आहे. मी पान कोरं सोडणारी नव्हे.

त्यानंतर सगुणा एकदाच माझ्या पडवीत आली. तिच्या हातात कार्ड नव्हतं. "वहिनी, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?" तिनं विचारलं. मी वाटाणे सोलत होते, सोलतच राहिले. ती गेली.

आळीतल्या घरांनी एकेक करून तिची फुलं बंद केली. त्या हातची वेणी नको, असं उघड म्हणत. मग देवाची पुडीही नको झाली. बायकांनी मुंबईला कळवलं, तशी कार्डंही थांबली. मी काय केलं? मीही बंद केली. मी एकटीनं घेतली असती तर का घेते असं कोणी विचारलं असतं. साहेब बदलून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्यांना फुलांची हौस नव्हती. शेवंतीची अर्धी बाग भिकाजीनं काढून तिथं भाजी लावली.

सगुणा मग बंदरावर मिरकरवाड्यात, मासेमारांच्या वस्तीत जाऊ लागली. मासळीचा लिलाव संपला की खारवी बायका टोपल्या घेऊन निघत, त्यांना ती गजरे विकी. आळीतली हकिगत तिथंही पोचली होती. त्यावर एक खारवीण म्हणाली म्हणे, "आमच्या घोवांना गिळायला दर्या बसलाय, तुझी वेणी आणखी काय करील गो?" हे मला आमच्या मासेवालीनं हसत हसत सांगितलं. मिरकरवाड्याची वाट आमच्या आळीतूनच जाते. सगुणा साडेसहालाच जायची, पण आता हारी घेऊन न थांबता.

१९३४च्या फेब्रुवारीत हे गेले. चौदाव्या दिवशी सकाळी मागच्या दारी पाहिलं तर सगुणा. यांच्या तसबिरीसाठी तगरीचा हार आणला होता. सात वर्षांनी ती त्या पडवीत आली होती. मी हार घेतला आणि तिथंच तिला सगळं सांगितलं, तार, यमुनाबाईंचा प्रश्न, माझं उत्तर. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला बोलेल.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं हे मला ठाऊकच हाय. ज्यांना नाय ठाऊक त्यांना सांगा."

त्यांना सांगायला सात वर्षांत किती तरी हळदीकुंकवं झाली होती. चैत्रात, संक्रांतीला, पंचवीस पंचवीस बायका एका जागी बसायच्या आणि मी त्यांच्यात असायची. आता मला कोणी बोलावणार नव्हतं. तरी कमळा समोरच होती, यमुनाबाई वारल्या होत्या, आणि अंगण ओलांडायला मला सव्वादोन वर्षं लागली. मैनेचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मी गेले.

कमळा तांदूळ निवडत होती. मी सांगितलं ते तिनं मान खाली घालून ऐकलं. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"म्हणजे सगुणाला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मला वाटायचं, तिला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनसुद्धा तिनं ती दिली. शेवटची म्हणून मला घालू दिलीन. सासूबाईंना हे कधी बोलले नाही. पण बरं वाटायचं."

तिच्याजवळ दहा वर्षं एवढं एक होतं, तेही मी जाऊन काढून घेतलं.

सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मैनेच्या लग्नाच्या वेण्या सगुणाकडूनच येतील. तुम्ही मात्र चौघीजणींत सांगायचं, काकी. मी सांगणार नाही. तुम्ही."

लग्न वैशाखात झालं. सगुणा मोगऱ्याच्या दोन हाऱ्या घेऊन आली तेव्हा माजघरात दहाबारा बायका होत्या. कोणी नारळ खवत होतं, कोणी विडे लावत होतं. तिला बघून सगळ्या गप्प झाल्या. मी कोपऱ्यातून उठले आणि सांगितलं. तार गुरुवारी आमच्याकडे आली होती, सगुणाला काही ठाऊक नव्हतं, देऊ नको असं मीच म्हटलं होतं, आणि यमुनाबाईंशी मी खोटं बोलले. एवढंच. सांगायला मोगऱ्याचा एक गजरा गुंफण्याइतकाही वेळ लागला नाही.

गोदाकाकू, आळीतल्या आता सगळ्यांत वडील, म्हणाल्या, "असं होय." मग त्यांनी विड्यांसाठी अडकित्ता मागितला, कोणी तो दिला, आणि बोलणी पुन्हा सुरू झाली. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. त्या भीतीनं मी एका बाईची दहा वर्षं घालवली होती.

सगुणा माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, "सरा जरा वहिनी, फुलांवर पाणी मारायचंय."

पुढच्या आठवड्यात गोदाकाकूंनी तिला देवाच्या पुडीसाठी निरोप पाठवला. आणखी दोन घरांनी पाठवला. ती आली नाही. जून लागण्याआधी एकदा सकाळी मी तिला वाटेवर गाठलं आणि विचारलं, आळीत आता बोलावतात, येत का नाहीस? हारी डोक्यावरून न उतरवता ती म्हणाली, "मिरकरवाड्यातल्या बाया वाट बघत असतात ओ," आणि उताराला लागली.

आजही गेली. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी.