भाऊजींची मुंबई

ये पोरी, अशी जवळ ये. कागदावरून कोणी जवळ बोलावतं का, असं म्हणशील. पण फोनवर तुझं एकच पालुपद, "मावशी, मीटिंग आहे, नंतर बोलते." तुझं ते 'नंतर' काही उजाडत नाही, म्हणून लिहायला बसले. आणि काय गं, सात वर्षं मुंबईत नोकरी करून मागच्या वेळी तू मला सांगतेस की अजून फिल्मसिटी पाहिली नाही? नट-नट्यांचे बंगले कुठल्या रस्त्यावर आहेत तेही माहीत नाही? बाई बाई! इकडे गोंदियाजवळ आमच्या कुडव्याला ये आणि कोणालाही विचार. डोळे मिटून सांगतील. कारण मुंबई बांधली कोणीही असो, ती दाखवावी माझ्या चुलत दिरांनीच. तुझे काकाजी, माझे भाऊजी. गेटवेसमोर जन्मलेल्या माणसालासुद्धा ते हाताला धरून गेटवे दाखवतील आणि तो माणूस मान डोलावत परत जाईल.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, मोठे हौशी असतील, सहली काढत असतील. तसं नाही. भाऊजी राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होते, पोत्यांपलीकडे जग पाहिलेलं नाही. त्यांची मुंबई सुरू झाली ती आजारपणातून. फुलचूरच्या त्यांच्या एका मित्राच्या गळ्यात गाठ निघाली, नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, आणि सोबत जायला घरात कोणी धड नव्हतं. भाऊजी गेले. तिथे एक कागद मिळायला दोन दिवस, एक तपासणी व्हायला तीन दिवस. माणूस त्या बाकावर बसूनच अर्धा मरतो. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी मित्राला उठवलं. म्हणाले, "चाल बे. बिमारीले इथंच बाकावर बसू दे, आपण हिरोचा बंगला पाहून येऊ." गेले बसने विचारत विचारत. बंद फाटकासमोर दोन तास उभे राहिले. हिरो काही दिसला नाही, पण एक पांढरा कुत्रा बाहेर आला. मित्र म्हणे दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला.

तेव्हापासून आमच्या भागातलं कोणी मुंबईच्या दवाखान्यात निघालं की आधी भाऊजींना निरोप. विदर्भ एक्सप्रेसच्या डब्यात तेच पुढे, मागे आजारी माणूस, आणि त्याच्यामागे त्याची रडवेली बायको. भाऊजींच्या पिशवीत फायली कमी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे जास्त. शिवाय पाच किलो तांदूळ, कारण मुंबईच्या तांदळाला ते तांदूळ मानत नाहीत. त्यातला किलोभर एका बंगल्याच्या पहारेकऱ्याचा. तो बिचारा बिहारचा, पण भाऊजी दिसले की स्टूल सोडून उठायचा, "आइए चाचा, आज कौन बीमार है?" मग भाऊजी फाटकाजवळ उभे राहून पाहुण्याला सगळं समजावून सांगायचे, जणू ते घर त्यांच्याच देखत उभं राहिलं. "ते वरतं खिडकी दिसते नं, तिथं साहेब चहा घेते. आता पडदा लागून हाय, म्हणजे झोपले असतीन." जुहूच्या वाळूतल्या एका नारळाच्या झाडाखाली कोणती नटी रडली होती, हेही ते सांगायचे. दर वेळी झाड वेगळं असायचं. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "वहिनी, रडलीच होती नं? मग झाडानं काय फरक पडते?"

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. गेटवे, चौपाटी, राणीबाग, बंगले, समुद्रावरचा पूल, सगळं दाखवायचे, पण सगळं कधीच नाही. एक जागा बाकी ठेवायची. बहुतेक फिल्मसिटीच. कोणी कितीही गळ घातली तरी, "आज बंद हाय." सोमवारी बंद, गुरुवारीही बंद. आमच्या इथल्या एका हेडमास्तरांना पोटाचं दुखणं होतं. शिक्षकी बाणा, त्यांनी स्वतःच फोन करून चौकशी केली आणि फिल्मसिटी उघडी असल्याचं भाऊजींच्या तोंडावर फेकलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "त्यांच्यासाठी उघडी असन, तुमच्यासाठी बंद हाय. पुढच्या तपासणीले या, मग पाहू." समजलं तुला? जागा बाकी म्हणजे परत येणं बाकी. आणि परत यायचं तर जगावं लागतं. हेडमास्तर आज ठणठणीत आहेत, दरवर्षी तपासणीला जातात, आणि अजून फिल्मसिटी पाहायला मिळाली नाही म्हणून चारचौघांत भाऊजींच्या नावाने खडे फोडतात.

या सगळ्याची सगळ्यात जास्त थट्टा करायची ती त्यांचीच बायको, माझी जाऊ. तुझी काकू. भाऊजी मुंबईहून आले आणि बंगल्यांचं वर्णन सुरू झालं की ती चुलीपासून ओरडायची, "लोकाईच्या बंगल्याले पाहून राहिले, आपल्या घराले चुना कोण लावन जी?" ती कधी गोंदियाच्या पलीकडे गेली नव्हती. दूर म्हणजे तिला इटियाडोहचं धरण. आणि तिलाच ते गाठीचं दुखणं लागलं.

पाच वेळा नेलं तिला. प्रत्येक वेळी एकेक जागा. गेटवेला म्हणाली, "एवढा मोठा दरवाजा, अन् भिंतच नाही?" समुद्र पाहून म्हणाली, "इतकं पाणी, धानाच्या काय कामाचं?" भाऊजी खूश. परत आले की आम्हाला सांगायचे, "अजून बाकी हाय तिचं पुष्कळ."

सहाव्या वेळी मीही सोबत गेले होते, ती फार थकली होती म्हणून. डॉक्टरांनी भाऊजींना एकट्याला आत बोलावलं. पंधरा मिनिटांनी बाहेर आले. चेहरा पोत्यासारखा. मी विचारलं, "काय म्हणाले?" तर, "काही नाही, औषध बदललं." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर धर्मशाळेच्या दारात टॅक्सी उभी. ज्या माणसाने जन्मात बसशिवाय मुंबई पाहिली नाही, त्याने दिवसभराची टॅक्सी केली होती. "चला, आज सगळं पाहून टाकू." राणीबाग राहिली होती, ती दाखवली. तीन बंगले दाखवले. त्या पहारेकऱ्याने तिला स्टुलावर बसवून पाणी दिलं. दुपारी फिल्मसिटी. तिथे तिकीट काढलं की गाडीतून फिरवतात. तिथलं खेडं पाहायला खाली उतरवलं. पुढून कौलारू घर, तुळस, ओटा. मागे गेलं की नुसत्या लाकडी बल्ल्या आणि फळ्या. विहिरीत सिमेंट. ती हसायला लागली, "घराले पाठ नाही, विहिरीले पाणी नाही. इथं राहाते तरी कोण?" पुढे एक देऊळ होतं. तिने हात जोडले. भाऊजी म्हणाले, "अवं, आत देवच नाही." ती म्हणाली, "नमस्कार तर माझाच हाय नं जी."

परतताना टॅक्सीत ती बाहेर बघत होती. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता कोणती जागा राहिली जी?"

आणि भाऊजी, त्यांचा जीव त्या दिवसापुरता तिला सगळं देण्यात गुंतलेला, चटकन बोलून गेले, "एकही नाही. सगळं दाखवलं तुले."

पोरी, तिने नुसती मान हलवली. वर्षानुवर्षं तिने ज्या नियमाची टिंगल केली, तो तिला भाऊजींपेक्षा जास्त पाठ होता. मग भाऊजींच्या लक्षात आलं. "नाही, नाही, एक हाय," म्हणाले. "ते... आपलं ते..." एवढी मुंबई जिभेवर बाळगणारा माणूस, आणि त्याला एक नाव सुचेना. स्टेशन येईपर्यंत "ते... ते..." करत राहिले. शेवटी तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, "राहू द्या जी. पाहून झालं माझं."

धानकापणी संपायच्या आत ती गेली.

आता भाऊजी मुंबईला जात नाहीत. लोक येतात, हातात फायली धरून ओसरीवर बसतात. भाऊजी म्हणतात, "मले आता रस्ते आठवत नाही." फुलचूरची एक बाई तर त्यांच्या पाया पडली, तरी नाही. मला एकदाच बोलले. "वहिनी, डॉक्टर सांगत होते तिले सांगू नका, अन् मीच टॅक्सी करून सांगितलं." मी पुष्कळ समजावलं, की तिला कोणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि तुमच्याइतकं प्रेमाने कोणी सांगितलं नसतं. ते मान हलवतात, पण मनात जात नाही. वहिनी समजूत काढून राहिली, एवढंच त्यांना वाटतं.

पण तू होतीस ना त्या संध्याकाळी स्टेशनवर? ऑफिसातून धावत आली होतीस, डबा घेऊन. भाऊजी तेव्हा पाणी आणतो म्हणून गेले ते गाडी सुटायला आल्यावरच परतले, डोळे धुऊन. तेवढ्या वेळात ती तुझा हात धरून काय काय सांगत होती! ते बिनपाठीचं घर, ती सिमेंटची विहीर, पहारेकऱ्याचं स्टूल. किती हसत होतात तुम्ही दोघी. आणि ती तुला म्हणाली होती, "पोरी, आज तुझ्या काकाजीनं मले राणीसारखं फिरवलं." मी ऐकलं. पण माझं ते मानत नाहीत. तुझं मानतील, तुला त्यात काही झाकायचं नाही हे त्यांना ठाऊक आहे.

फोनवर नको सांगूस. फोनवर ते "हाव, हाव" करून ठेवून देतात. शनिवार-रविवार जोडून सुट्टी घे, गाडीत बस आणि ये. मी गोंदियाला स्टेशनवर घ्यायला येते, तिथून दोघी ऑटोने थेट कुडव्याला जाऊ. त्यांच्या ओसरीवर बस आणि ती कशी हसत होती ते त्यांना सांग. लवकर ये गं. धान कापायच्या आत ये.