वसंताची गाडी दोन इंच खाली

"दोन इंच, मेस्त्री. फकत दोन इंच खाली व्हयी," वसंता म्हणाला आणि त्याने एक लाकडी खोकं माझ्या गॅरेजच्या दारात ठेवलं.

मी त्याच्याच गाडीखाली खड्ड्यात उभा होतो. हात पुसत वर आलो. त्याने झाकण उचकटलं. आत दोन आखूड स्प्रिंगा, मागच्या चाकांवर बसणारे दोन चपटे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि चार लालभडक शॉक अब्सॉर्बर. वसंता मालवाहू बोटीवर इंजिनीअर होता. इटलीच्या एका बंदरात हे सामान घेऊन, पाच महिने बंकखाली सांभाळून त्याने ते मालवणपर्यंत आणलं होतं.

गोवा मोकळं होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. मालवणात तेव्हा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली ही सगळ्यांत देखणी. चार दरवाजांची, इटालियन बनावटीची, गडद निळी. दिसायला घरंदाज, पण बॉनेटखाली एकाच्या जागी दोन कार्बोरेटर. ॲक्सिलरेटरवर नुसता अंगठा टेकवला तरी गुरगुरायची. वसंताने ती मुंबईत एका शौकिनाकडून घेतली होती. खोट एकच. विकणाऱ्याने खराब रस्त्यासाठी तिच्यात जाड पाटे भरून तिला उंच केलं होतं. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलंडायची.

वाचकांना थोडं समजावतो. गाडी जितकी उंच तितकी वळणावर झुकते. खाली घेतली की रस्त्याला धरून चालते. पण खाली घेतली की पोटाखालची जागा जाते. इंजिनाचं ऑइल ज्या भांड्यात असतं त्याला आम्ही चेंबर म्हणतो. ते सगळ्यांत खाली लोंबतं आणि पहिला धोंडा त्यालाच लागतो. वसंताच्या गाडीला पोटाखाली सहा इंच होते. त्याचं सामान बसवलं की उरणार चार.

"चार इंच आणि आपले रस्ते!" मी म्हटलं. "तुका खुळ लागलां काय रे?"

"बारा वर्सां बघतंय मी थंयच्या गाडये," तो म्हणाला. "बंदरातसून डोंगराक रस्तो जाता. मी डेकवर उभो रवान बघी. अशी वळणा घेतत, मेस्त्री! माका एकदाच तशी गाडी चलवची आसा. आणि ती घेवन आवशीच्या खळ्यात जावचा आसा."

हीच तर मेख होती. त्याच्या आईचं घर आणि घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, तोंडवलीला. मध्ये खाडी. पूल तेव्हा स्वप्नातसुद्धा नव्हता. दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेली तर, म्हणजे माणसं-गाड्या पलीकडे नेणारा तराफा, चालायची. धक्क्यावरून तरीत जायला दोन जाड फळ्या टाकत. बैलगाडी जायची, एकदा सरकारी जीप गेली होती. तोंडवलीत कोणाच्या दारात स्वतःची मोटार अजून उभी राहिलेली नव्हती. आणि वसंताची आई काशीआई गावभर सांगून बसली होती, माझो झील माका गाडयेत बसवन देवळात नेतलो.

म्हणजे खाली घेतली तर गाडी त्याच्या मनातली, पण घरी पोचेल की नाही देव जाणे. तशीच ठेवली तर घरी पोचेल, पण ती मग त्याची गाडी नव्हे. त्याची रजा संपायला तीन आठवडे होते.

शहाण्या मेकॅनिकने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं नाही. का, ते खरं सांगतो. मला हाव सुटली. तरुणपणी सात वर्षं मी मुंबईच्या एका गॅरेजात होतो. तिथे आम्ही शर्यतीच्या गाड्या तयार करायचो. माझे शेठ म्हणायचे, "तुझ्या हाताला कान आहेत." मग वडील गेले, मी गावी आलो, आणि त्या हातांच्या वाट्याला काय आलं? रेडीच्या खनिजाचे ट्रक आणि घाटात उकळून आलेले रेडिएटर. पोट भरलं, तक्रार नाही. पण ते लाल शॉक अब्सॉर्बर हातात घेतले आणि इतक्या वर्षांत मी काय गमावलं ते एकदम कळलं.  वसंताला माझा चेहरा दिसू नये म्हणून मी उगाच खोक्यातला कागद वाचायला लागलो. तो इटालियनमध्ये होता.

"आधी माप घेतंय," मी म्हटलं. "मग बघू."

मापाची माझी पद्धत साधी. पुढच्या आणि मागच्या चाकात जेवढं अंतर, तेवढी बांबूची काठी कापली. दोन्ही टोकांना चार-चार इंचांचे लाकडी पाय ठोकले. झाली आमची गाडी! ही काठी धक्क्याच्या कडेवरून फळीवर सरकवायची. काठीचं पोट कडेला टेकलं तर गाडीचंही टेकणार. नाही टेकलं तर गाडी पार.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खाडीवर गेलो. मी मुद्दाम ओहोटी गाठली. ओहोटीला पाणी उतरतं, पाण्यावरची तर खाली जाते, फळ्यांचा उतार वाढतो. तेव्हा जमलं तर केव्हाही जमेल, असा हिशेब. काठी सरकवली. कडेपाशी आली. वसंता पालथा झोपून खालून बघत होता.

"सुटली!" तो ओरडला. "बोटभर जागा आसा, मेस्त्री!"

तरवाला भिवा तोंडात विडी धरून हा खेळ बघत होता. तो म्हणाला, "मेस्त्री, आज आठम. ही काय सुकती न्हय. पुनवेक येवा, मगे दाखयतंय सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी, आणि त्याचं बरोबर होतं. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की अष्टमीला समुद्र आळसावलेला असतो. पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा भरती वरपर्यंत येते आणि ओहोटीला खाडीची हाडं दिसतात. मी किनाऱ्यावरच जन्मलो. मला हे सांगायला भिवा कशाला हवा होता?

पण मी म्हटलं, "बघू रे." आणि काठी खांद्यावर टाकून चालू लागलो. दिसत असून न बघण्याला औषध नाही.

मग चार दिवस मी दुसऱ्या कोणत्याही गाडीला हात लावला नाही. जुने पाटे काढले, नवे चढवले, यू बोल्ट आवळले. पुढच्या स्प्रिंगा दाबून बसवताना वसंता दुसऱ्या बाजूने जोर लावत होता. दोघांच्याही अंगावर गंज आणि घाम. पाचव्या दिवशी गाडी जॅकवरून खाली उतरवली. चाकांवर ती रस्त्याला चिकटल्यासारखी बसली. वसंताने तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"चल," मी म्हटलं, "पुनवेक आवशीक देवळात न्हेवचा आसा ना?"

दिवस काशीआईनेच ठरवला होता. पुनव. चांगला दिवस. मला भिवाचं बोलणं आठवलं, पण ते मी गिळलं.

पौर्णिमेला चारच्या सुमाराला आम्ही निघालो. खाडीपर्यंत आठ मैल. वसंता चालवत होता, मी शेजारी. रस्ता तांबडा, पण नुकताच रोलर फिरलेला. पहिल्या वळणावर मी सवयीने दरवाजा धरला. गाडी झुकलीच नाही! दुसऱ्या वळणावर त्याने वेग वाढवला. तरी नाही. खाली रस्ता आणि वर आम्ही, मधे काही नाहीच असं वाटत होतं. हातांना खडीचा एकेक दाणा कळत होता. वसंता मोठ्याने हसत होता. मीही हसत होतो. चाळिशीतले दोन बाप्ये, कोणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. एक म्हातारा गुरं घेऊन चालला होता. तो ओरडला, "मेल्यांनो, मराक जातास?" वसंता खिडकीतून म्हणाला, "न्हय काका, घराक!"

खाडीवर पोचलो आणि माझं हसू गेलं. पाणी पार तळाला गेलं होतं. भिवाची तर इतकी खाली की फळ्या शिडीसारख्या दिसत होत्या. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती. पुढे काशीआई, नव्या लुगड्यात, हातात ताट.

"मेस्त्री, भरतीपर्यंत थांबा," भिवा म्हणाला.

"भरती मध्यरातीक," वसंता म्हणाला. "आवस दोन तास उभी आसा थंय." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही माप घेतलास ना?"

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. माझं माप कच्चं आहे, एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "हळू घे."

पुढची चाकं फळीवर उतरली. मग खालून आवाज आला. सुकं लाकूड फुटावं तसा. गाडी धक्क्याच्या कडेवर पोट टेकून अडकली आणि काळं ऑइल दगडावरून खाडीत टपटपू लागलं. चेंबर फुटलं होतं.

वसंताने इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. पलीकडून आई हाक मारत होती, "वसंता, येतंस मा रे?"  मी खाली उतरलो. त्याला म्हटलं, "चूक माझी. भिवान सांगितल्यान होता. मीच आयकलंय नाय." त्याने नुसती चावी काढून खिशात टाकली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाराजणांनी गाडी उचलून मागे घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी भरती आली तेव्हा भिवाची तर धक्क्याला समपातळीत लागली. पहिल्याच खेपेला काशीआई अलीकडे आली. गाडीभोवती फिरली. फुटकं चेंबर वाकून बघितलं, जणू तिला त्यातलं सगळं कळत होतं.

"इंजिन चलणा नाय, आये," वसंता म्हणाला. "आता नाय जमाचा."

"चाकां फिरतत मा?" ती म्हणाली. "मगे कित्याक रडतंस? होडयेक काय इंजिन आसता?" आणि दरवाजा उघडून ती मागच्या सीटवर मांडी घालून बसली.

पुढे जे झालं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. गाडी ढकलत तरीवर घेतली. पलीकडे रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारी, माणसं दोरखंड घेऊन उभीच होती. होडी किनाऱ्यावर ओढतात तशी त्यांनी गाडी ओढली. वाळूत फळ्या टाकत, मागच्या उचलून पुढे नेत, हय्याहोच्या तालावर. मी स्टिअरिंग धरलं होतं. काशीआई मागे ताठ बसून दोन्ही बाजूंच्या लोकांना मान हलवत होती. आधी देऊळ, मग खळं. वसंता दोरीला सगळ्यांत पुढे होता. त्याचा चेहरा मला दिसला नाही, पाठ दिसली.

चेंबर सांधायला ट्रकमधून कोल्हापूरला पाठवलं. ते फोंडाघाटाने परत यायच्या आतच कंपनीची तार आली आणि वसंता बोटीवर गेला. गाडी भरतीला ओढून गॅरेजात आणलीच होती; मी ती परत सहा इंचांवर नेली. ते पाटे काढताना मला रडू आलं, लाजायचं काय त्यात.

सव्वा वर्षाने तो आला. गाडी आपल्या हाताने चालवत, पौर्णिमेच्या ओहोटीला, धक्क्यावरून अलगद उतरवून घरी नेली. आईला घेऊन देवळात गेला. परत आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणता आवस?"

"म्हणता, तेवा बरां होता. सगळी माणसां होती," वसंता म्हणाला. मग त्याने बॉनेटवर हात ठेवला. "आणि मेस्त्री, ही घरापर्यंत जाता खरी. पण त्या दिवशीची गाडी ही न्हय."

त्याच रजेत त्याने ती विकली.

माझ्या हाताखाली पुढे जे जे शिकले त्यांना मी बजावून सांगत आलो, खाडीवरचं माप पुनवेच्या ओहोटीला घ्यावं, आणि तरवाला सांगतो ते ऐकावं. धंद्याची शिकवण ती एवढीच. पण आता कधी त्या रस्त्याने एसटीतून जातो, वळणावर बस कलंडते, आणि मनात येतं, बरं झालं मी माप घ्यायला अष्टमीला गेलो, नाहीतर ती वळणं मिळालीच नसती.